बत्तीस सळया

केजच्या स्टँडसमोर काळी-पिवळी जीप भरायला पाऊण तास लागला, तेवढा वेळ अंजू शांत होती. शेजारच्या बाईच्या मांडीवरच्या कोंबडीनं तिच्या बॅगेला दोनदा चोच मारली, तरी ती शांत होती. उद्या, शनिवारी सकाळी दहा वाजता मुंबईहून एका पुरस्काराचे दोन परीक्षक तिनं बांधलेलं घर बघायला येणार होते. चौदा वर्षांच्या धंद्यात असं पहिल्यांदाच घडत होतं, म्हणून आज कशावरही चिडायचं नाही असं तिनं पुण्याहून निघतानाच ठरवलं होतं. हिवरवाडीचा चढ संपला, माळ उघडा झाला आणि लांबून घर दिसलं. तो निश्चय तिथंच संपला.

घराच्या डोक्यावर सळया उभ्या होत्या.

एक-दोन असत्या तर एक वेळ चाललं असतं. आठ ठिकाणी चार-चार सळयांचे जुडगे होते, कमरेएवढे उंच, आणि प्रत्येक सळीच्या टोकाला गंज चढू नये म्हणून प्लास्टिकची बाटली उलटी घातलेली. बहुतेक बाटल्या पाण्याच्या, मधूनच एखादी हिरवी. मधल्या जुडग्याला काळी बाहुली टांगलेली. जीपवाल्यानं गाडी हळू केली, घराकडं कौतुकानं बघितलं आणि म्हणाला की ताई, आता कुठं घर घरावानी दिसाया लागलं, इतके दिवस आमाला गोडाऊनच वाटायचं. अंजूनं भाडं दिलं आणि उतरली.

अंजू वास्तुविशारद होती, आणि तिचं जे काही नाव होतं ते एकाच गोष्टीवर उभं होतं: नको ते काढून टाकणं. लोक खांबावर सिंह मागायचे, ती खांबच काढून टाकायची. पीओपीच्या छतातले सतरा दिवे मागायचे, ती एक झरोका द्यायची. अर्धी गिऱ्हाइकं पहिला नकाशा बघून पळायची आणि जी राहायची ती दुसरा बघून. पुण्यात तिचं ऑफिस तीन माणसांचं होतं आणि गेल्या वर्षापासून तिसऱ्याला ठेवावं की नाही हा विचार चालू होता. हा पुरस्कार मिळाला असता तर लोकांनी तिचे नकाशे वेगळ्या नजरेनं बघितले असते. साधेपणाला आपल्याकडं पुरस्कार मिळाल्याशिवाय कुणी साधेपणा म्हणत नाही, गरिबी म्हणतात.

आणि ज्या घरासाठी हे सगळं चाललं होतं ते घर होतं तिच्या आई-बापाचं. धुळाजी आणि साखराबाई हे मेंढरांमागचे लोक. दसरा झाला की कळप घेऊन गोदावरीच्या अंगाला उतरायचं, गेवराईकडच्या शिवारात शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि मृग तोंडावर आला की माघारी फिरायचं. सगळी हयात अशी गेली. धुळाजीच्या गुडघ्यांनी पासष्टाव्या वर्षी नकार दिला, तेव्हा वीस मेंढरं ठेवून बाकीची विकली आणि अंजूनं माळावरच्या स्वतःच्या जागेत घर बांधायला घेतलं. एका ओळीत तीन खोल्या. परळीच्या राखेच्या विटा, वरून प्लास्टर नाही, रंग नाही. समोर दगडी ओटा. वर पातळ स्लॅब, आणि त्याची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीनं ओढावी तशी सरळ. अख्ख्या माळावर ती एकच रेघ दिसायची. परीक्षक येणार होते ते ती रेघ बघायला.

गावाला मात्र ते घर सहन होत नव्हतं. प्लास्टर नव्हतं म्हणून लोक विचारायचे, घर पुरं कधी करणार? वर सळया नव्हत्या म्हणून हळहळायचे, घर एवढ्यातच संपवलं? तेच घर एकाच वेळी अर्धवट आणि संपलेलं कसं असू शकतं, हे अंजूनं दोन-तीन जणांना विचारूनही पाहिलं. त्यांना त्यात काही अडचण वाटली नाही.

कारण या मुलखात घर संपवायचं नसतं. खालचा मजला झाला की वर सळया सोडून द्यायच्या. पुढं पोरं होतील, त्यांची लग्नं होतील, पैका येईल, माळा चढेल. नाही चढला तरी सळया राहू द्यायच्या, गंजून गेल्या तरी कापायच्या नाहीत. ज्यानं कापल्या त्यानं जणू हात वर केले. बांधकामाच्या वेळी धुळाजीनं आणि गवंडी सोमेश्वरनं सळयांचा विषय इतक्यांदा काढला की अंजू मेटाकुटीला आली. सळया कॉलममधून वर येतात, या घरात कॉलमच नाही, भार भिंतींवर आहे, हे तिनं कागदावर काढून दाखवलं, मातीत रेघोट्या मारून दाखवलं. दोघं मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. शेवटी एके दुपारी ती वैतागून म्हणाली की या भिंती वरचा माळा पेलणारच नाहीत. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

ते खोटं होतं. भिंती दीड विटेच्या होत्या आणि पाया पक्क्या मुरमापर्यंत खाली नेलेला होता. आई-बापाचं घर म्हणून तिनंच धास्तीनं गरजेपेक्षा दुप्पट करून ठेवलं होतं. त्यावर एक सोडून दोन माळे चढले असते. पण हे सांगितलं असतं तर चढवले असते, म्हणून तिनं सांगितलं नाही, आणि न सांगितल्याचं तिला आजवर फारसं काही वाटलंही नव्हतं.

साखराबाई ओट्यावर तुरीची डाळ पाखडत बसली होती. लेकीचा चेहरा बघून तिनं आधी पाणी दिलं, मग चहा ठेवायला उठली, मग डाळीतला एक खडा फार वेळ शोधत राहिली. अंजूनं विचारलं तेवढ्याचीच उत्तरं आली. सळया कुणी लावल्या? सोमेश्वरनं. कुणाच्या सांगण्यावरून? तुझ्या बापाच्या. कधी? झाले चार दिवस. मला फोन का नाही केला? यावर साखराबाई म्हणाली की तू न्हाई म्हनली असतीस.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. धाकट्या भावाचं, लखनचं, लग्न जमत आलं होतं. लखन एकोणतीस वर्षांचा, टेम्पोतून शेरडं बाजाराला न्यायचा. मिळवता होता, निर्व्यसनी होता, आणि तरी चार वर्षांत सात ठिकाणांहून नकार आलेला. आताची मुलगी गेवराई तालुक्यातली, बबिता नावाची, औषधांच्या दुकानात कामाला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, रोज फोन चालायचे. मुलीचा बाप अंगद घर बघायला येऊन गेला. त्यानं घराला चारी बाजूंनी चक्कर मारली, चहा घेतला आणि एकच विचारलं: एक खोली तुमची, एक चुलीची, एक पावण्यारावळ्यांची, मग माझी लेक राहणार कुठं? लखन म्हणाला, माळा चढवू. तर गावातल्याच कुणीतरी स्टँडवर अंगदच्या कानात घातलं की त्या घरावर माळा चढत नाही, त्यांची इंजिनेर पोरगीच तसं म्हणलीय. तेव्हापासून अंगदचा फोन बंद झाला होता. धुळाजीनं दोन दिवस वाट बघितली आणि सोमेश्वरला बोलावून घेतलं.

अंजू शिडीनं वर गेली. सोमेश्वरनं गच्चीवरचा कोबा आठ ठिकाणी फोडला होता, स्लॅबला भोकं पाडली होती, त्यात सळया उभ्या करून सिमेंट ओतलं होतं. ज्या गच्चीच्या उतारासाठी ती तीन दिवस हातात पाण्याची नळी घेऊन उभी राहिली होती, त्या गच्चीवर आठ गळवं आल्यासारखी दिसत होती. त्या सळयांचा खाली कशाशीच संबंध नव्हता. नुसत्या खोवलेल्या होत्या. आणि एवढं करून धड सरळही नव्हत्या. पूर्वेकडचा एक जुडगा तर चक्क कलला होता. तिनं कपाळावर हात मारून घेतला, तिथंच उभ्या उभ्या केजच्या एका वेल्डरला फोन लावला आणि ग्राइंडर घेऊन ताबडतोब ये म्हणून सांगितलं.

वेल्डर चारला आला. त्यानं मशीन काढलं, वायर सोडली, पिन लावली, आणि वीज गेलेली होती. कधी येईल हे कुणालाच माहीत नव्हतं. परळीचं वीज केंद्र इथून पन्नास-साठ किलोमीटरवर. त्याच्या राखेच्या विटा घरात होत्या, त्याची वीज तेवढी नव्हती. वेल्डर आनंदानं ओट्यावर बसला आणि साखराबाईनं त्याच्यापुढं शेंगा ठेवल्या.

तेवढ्यात लखन टेम्पो घेऊन आला. ग्राइंडर बघून त्याला काय चाललंय ते कळलं. अंजूनं त्याला समजावून सांगितलं की फक्त उद्याच्या दिवसाचा प्रश्न आहे, हवं तर सोमवारी पुन्हा लाव, मी स्वतः पैसे देते. लखन खाली बघून ऐकत होता. तो बहिणीपुढं कधी आवाज चढवत नसे, आताही चढवला नाही.

"आक्का, कापायच्या तर काप," तो म्हणाला. "पर मंग अंगदमामाला तूच फोन लाव. त्येंनी इचारलं का कापल्या, तर काय सांगायचं ते मला ठावं न्हाई."

अंजूची चिडचिड आणखी वाढली, कारण काय सांगायचं ते तिला ठाऊक होतं. ती आईकडं वळली आणि निदान तू तरी समजून घे म्हणाली. आपण कसे राहायचो आठव. चार भांडी, दोन घोंगड्या, एक परात. सगळा संसार एका घोड्यावर मावायचा. हे वाक्य ती आपल्या भाषणांतही म्हणायची, आणि पुण्या-मुंबईच्या सभागृहांत त्याला हमखास टाळ्या पडायच्या. लखननं मोबाइलवर आईला तसलं एक भाषण दाखवलं होतं, हे तिला माहीत नव्हतं.

साखराबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"घोड्यावर मावायचं म्हनतीस. मावत न्हवतं, बाई. न्हाई मावलं ते टाकून यावं लागायचं. माझ्या मायनं दिलेला पाटा गेवराईच्या शिवारात लिंबाखाली ठिवला, पुढल्या वर्षाला न्हिऊ म्हनून. पुढल्या वर्षी लिंब बी न्हवता. तू टाळ्या घेतीस त्येच्यावर."

अंजूला आठवत होता तो घोडा. पाटा आठवत नव्हता. ती उगीचच वेल्डरला म्हणाली की शेंगांची टरफलं ओट्यावर टाकू नका.

पाचच्या सुमाराला धुळाजी मेंढरं घेऊन आला. त्यानं लेकीकडं बघितलं, ग्राइंडरकडं बघितलं, मेंढरं आत कोंडली, हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून बसला. अंजूनं त्याला जे जे सुनावायचं ठरवलं होतं ते सगळं सुनावलं: न विचारता स्लॅब फोडला, आता पावसाळ्यात गळेल, उद्या मोठी माणसं येणार आहेत, दोन वर्षांच्या कामावर पाणी पडलं. धुळाजी ऐकत राहिला. बाप भांडला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. तो नुसता गुडघा चोळत होता.

आणि याच वेळी, कुणी बोलावलेलं नसताना, रस्त्याकडून मोटारसायकलचा आवाज आला. अंगद आला होता. सळया उभ्या राहिल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा त्याचा स्वभाव नव्हता. साठीचा, बारीक अंगाचा, मुंडाशाचं टोक खांद्यावर सोडलेलं. त्यानं गाडी लावली, मान वर करून बाटल्या मोजल्या असाव्यात, मग ओट्यावर येऊन बसला. साखराबाई घाईघाईनं आत चहाला गेली. लखन उभाच राहिला. ग्राइंडर सगळ्यांच्या मधोमध पडलेला होता आणि तो कुणी उचलून बाजूला ठेवावा हे कुणाला सुचलं नाही.

अंगदनं पीकपाण्याचं विचारलं, मेंढरांचं विचारलं, आणि मग सरळ अंजूकडं वळला.

"ताई, आमी अडानी मानसं. सळया लावल्या त्या दिसत्यात. पर सळया कुनी बी लावील. तुमी शिकलेल्या, घर तुमी बांधलं. तुमीच म्हनला व्हता ह्या भिंती पेलनार न्हाईत. माजी लेक खाली झोपनार. मला तुमच्या तोंडून खरं काय ते सांगा."

नेमकी तेव्हाच वीज आली. आतला दिवा लागला, पंखा फिरायला लागला, आणि वेल्डरनं पिन लावून ठेवली होती तो ग्राइंडर एकदम घरघरायला लागला. वेल्डरनं धावत जाऊन बंद केला. मग तो मशीन हातात धरून अंजूकडं बघत उभा राहिला, कारण त्याला काम करून अंधाराच्या आत केज गाठायचं होतं.

अंजूला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. सोमेश्वरचा, अंगदच्या कानाशी लागलेल्या त्या माणसाचा, वीज मंडळाचा, आणि नेमका हाच प्रश्न नेमका आत्ता विचारणाऱ्या या माणसाचा. 'नाही पेलणार' एवढं म्हटलं की सळया कापून उद्याची रेघ पुन्हा सरळ होणार होती. दोन शब्दांचं काम. लखन तिच्याकडं बघत नव्हता, जोड्याच्या टोकानं ओट्याची एक फट उकरत होता, आणि एरवी तिनं त्याला त्यासाठी झापलं असतं.

"पेलतील," ती म्हणाली. "दोन माळे पेलतील. मी खोटं सांगितलं होतं."

आणि मग राहवेना म्हणून तिनं पुढंही सांगितलं की माळा चढवायला या सळया लागतच नाहीत, विटेवर वीट चढवायची, या सळयांचा काडीचा उपयोग नाही, नुसतं छताचं वाटोळं केलंय. अंगदनं ते सगळं नीट ऐकून घेतलं. खोटं का सांगितलं हे त्यानं विचारलं नाही. त्यानं धुळाजीला विचारलं की मग सळया काढणार का? धुळाजी म्हणाला, असू द्या, दिसाया लागत्यात. अंगदला ते पटलं. त्यानं चहा बशीत ओतला आणि रविवारी सुपारी फोडायला किती माणसं आणू एवढंच विचारलं. लखन आत जाऊन उगीचच दोनदा पाणी प्याला.

अंगद गेला, वेल्डरही येण्याजाण्याचे पैसे आणि खिशात शेंगा घेऊन गेला. उन्हं उतरली होती. अंजू पुन्हा गच्चीवर चढली. भेगा कुठंवर गेल्यात ते तिला बघायचं होतं. थोड्या वेळानं गुडघ्याला हात देत धुळाजी शिडीवरून वर आला. ती म्हणाली, आबा, कशाला चढलात. तो सळयांपाशी बसला आणि सहज बोलावं तसं म्हणाला की पाया खणला तवा मी तिथंच व्हतो.

अंजूनं मान वळवली.

तो म्हणाला की एवढा खोल पाया एका मजल्याला कुणी घालत नाही हे मेंढरं राखणाऱ्यालाही कळतं, सोमेश्वरलाही कळलं होतं. मग तेव्हाच बोलला का नाहीत, तिनं विचारलं. तो म्हणाला, तुला तसंच पायजे व्हतं. अंजूनं दोन वर्षं जपलेलं खोटं पहिल्या दिवसापासून बापाला ठाऊक होतं, आणि त्यानं ते तिच्या हौसेखातर सांभाळलं होतं. तिला लाज वाटली, आणि लाज वाटली की तिला नेहमी होतं तसं झालं: ती चुका काढायला लागली.

बरं, मग आठ ठिकाणी कशाला, तिनं विचारलं. थोरला परमेश्वरदादा परळीत घर करून राहिला, तो येणार नाही. पण वाटा म्हणजे वाटा, त्याची एक खोली धरू. लखनची एक. दोन खोल्यांना सहा जुडगे पुरतात. पूर्वेच्या टोकाला आणखी दोन फोडून स्लॅबची वाट लावायची काय गरज होती?

धुळाजीनं त्या टोकाकडं बघितलं. कललेला जुडगा तिथलाच होता.

"ती तुजी खोली," तो म्हणाला. "तवा घोड्यावर जागा न्हवती, म्हनून तुला सहा वर्साची आश्रमशाळेत ठिवून गेलतो. तू फाटकाला धरून हुबी व्हतीस. आता जागा हाय."

अंजू सदतिसाव्या वर्षी गच्चीवर उभी होती आणि तिला तोंड कुठं करावं ते कळेना. ती कधीच म्हणाली नव्हती की तिला इथं खोली हवी आहे. नकाशा तिनंच काढला होता आणि त्यात स्वतःसाठी एक खुंटीसुद्धा ठेवली नव्हती. भाषणात ती घोड्याबद्दल सांगायची, फाटकाबद्दल कधी सांगत नसे. तिनं पदरानं पुसावेत तसे ओढणीनं डोळे पुसले आणि बापाला म्हणाली की लावायच्याच होत्या तर सरळ तरी लावायच्या. धुळाजी म्हणाला, ते सोमेश्वरला सांग.

शनिवारी परीक्षक दहाचे साडेअकराला आले. एक पांढऱ्या केसांच्या बाई आणि त्यांच्याबरोबर चष्म्यातला एक तरुण प्राध्यापक. बाई चांगल्या होत्या. त्यांनी ओट्यावर हात फिरवला, विटांच्या सांध्यांतला चुना जवळून बघितला, मधल्या खोलीत झरोक्याखाली बराच वेळ उभ्या राहिल्या. मग घरापासून पन्नास पावलं लांब गेल्या आणि वळून बघितलं. प्राध्यापकानं फोटो काढायला मोबाइल वर केला आणि तसाच खाली घेतला.

बाई परत आल्या आणि त्यांनी अंजूला बाजूला नेलं. वरचं ते काय आहे ते त्यांनी विचारलं नाही, त्यांना कळलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या की हा पुरस्कार पूर्ण झालेल्या इमारतीसाठी आहे, नियमातच तसं आहे. ते तात्पुरतं असेल, सणासमारंभासाठी असेल, तर तसं सांगा, मी तसं लिहीन. त्या मनापासून मदत करत होत्या. मागं ओट्यावर साखराबाईनं प्राध्यापकाला शेंगा दिल्या होत्या आणि तो टरफलं कुठं टाकावीत म्हणून मुठीत धरून बसला होता.

"तात्पुरतं नाही," अंजू म्हणाली. "घर अजून पुरं झालेलं नाही."

बाईंनी तिच्याकडं बघितलं, वही मिटली आणि घर पुरं झालं की कळवा म्हणाल्या. अंजूनं हो म्हटलं. अंजू ते कधीच कळवणार नाही हे दोघींनाही समजलं असावं. गाडी चढ उतरून दिसेनाशी होईपर्यंत अंजू रस्त्यावर उभी होती. तिसऱ्या माणसाला ऑफिसात ठेवायचं की नाही, याचं उत्तर तिला आता देता येणार होतं आणि ते तिला आवडलेलं नव्हतं.

ती माघारी आली तेव्हा सोमेश्वर आलेला होता. फुटलेला कोबा भरायला तिनंच त्याला बोलावलं होतं. पण तो रविवारच्या जेवणाबद्दल साखराबाईशी इतका रंगात येऊन बोलत होता की अंजूला तो आचारीच वाटला. एवढं सगळं याच्या छिन्नीनं झालं होतं, आणि हा माणूस जिलबी करायची की बुंदी यावर वाद घालत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं त्याला उठवलं, चुन्याचं घमेलं त्याच्या हातात दिलं आणि सळया सरळ करायला ओळंबा कुठाय म्हणून विचारलं. सोमेश्वर म्हणाला, सळयांना ओळंबा कशाला लागतो म्याडम, त्या काय कायमच्या ऱ्हात्यात व्हय.

अंजूनं त्याच्या पिशवीतून स्वतःच ओळंबा काढला, दोरीचा गुंता सोडवत शिडीपाशी गेली आणि त्याला वर यायची खूण केली.

"पूर्वेकडच्या आधी घे," ती म्हणाली. "त्या माझ्या आहेत."